मस्टरवर नसलेले तास

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकवीस वर्षं काम करते आहे. माझं काम म्हणजे माणसांचे तास मोजणं. सातच्या पाळीला कोण दहा मिनिटं उशिरा आलं, कुणाची ओटी किती झाली, कुणाची साप्ताहिक सुट्टी कामात गेली, ठेकेदाराच्या माणसांची हजेरी गेटवरच्या रजिस्टरशी जुळते की नाही. जुन्या कारखाना कायद्याचं कलम ५९, म्हणजे जादा कामाला दुप्पट दर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

संध्याकाळी घरी आल्यावर माझी दुसरी पाळी सुरू होते. ती आठ वर्षं चालू आहे आणि तिचं मस्टर कधी कुणी ठेवलं नव्हतं. गेल्या जूनमध्ये मी ते ठेवलं. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

२०१६ च्या दिवाळीत मुलगा सात वर्षांचा होता, तेव्हा त्याला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, रात्री तीनला उठून बोटाला सुई. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, पण डॉक्टरांच्या खोलीत आपण पंधरा मिनिटं असतो आणि बाकीचा सगळा दिवस घरात असतो. पुरणपोळीला किती युनिट धरायचे, सहलीच्या बसमध्ये इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, वर्गशिक्षिकेला हायपो, म्हणजे रक्तातली साखर एकदम उतरणं, कसं समजावायचं, 'देवाचं काही राहिलंय का बघा' म्हणणाऱ्या मावशींना काय उत्तर द्यायचं, हे मराठीत कुठे सापडेना. म्हणून पुढच्या वर्षी एका समाजमाध्यमावर ग्रुप काढला. पहिल्या महिन्यात बारा घरं होती. आज एकतीस हजार सदस्य आहेत.

एकतीस हजार म्हटलं की लोक अभिनंदन करतात. मला मात्र त्या आकड्यात रोजच्या दीडशे पेंडिंग पोस्ट, म्हणजे आमच्या मंजुरीसाठी थांबलेल्या पोस्ट, दिसतात.

ग्रुप आम्ही चौघं सांभाळतो. मी. साताऱ्याजवळच्या गावात शाळेत शिकवणारी एक ताई. नागपूरची फार्मसी झालेली एक मुलगी, जिला स्वतःला लहानपणापासून टाइप वन आहे. आणि मस्कतला नोकरीला असलेले एक काका, ज्यांच्या नातीला आहे. मस्कत आपल्या दीड तास मागे, म्हणून रात्री बारानंतरचं काकांकडे. हे कुणी ठरवून दिलं नाही. 'मी जागा असतोच,' असं ते एकदा म्हणाले आणि तेव्हापासून ते जागेच आहेत.

जूनच्या एक तारखेला ऑफिसातलं एक कोरं मस्टर घरी आणलं. तीस दिवसांचे तीस रकाने. नावाच्या जागी आमची चार नावं. मोबाइल हातात घेऊन ग्रुपचं काम सुरू केलं की वेळ लिहायची, खाली ठेवला की लिहायची. बाकीच्या तिघांनाही तसंच करायला सांगितलं. काकांनी आधी नाराजी दाखवली. 'अहो ताई, नातीसाठी करतो मी हे. त्याची कसली हजेरी?' म्हणाले. मी म्हटलं, काका, फक्त एक महिना. माझ्यासाठी.

महिनाअखेरीला बेरीज केली. माझे साडेएकसष्ट तास. साताऱ्याच्या ताईंचे ५४. काकांचे ७१. नागपूरच्या मुलीची परीक्षा होती, तरी २३. एकूण दोनशे साडेनऊ. आमच्या कारखान्यात आठ तासांच्या पाळीने सव्वीस दिवस भरले की २०८ तास होतात. म्हणजे एक पूर्ण कामगार. एक दिवसही खाडा न करणारा, किरकोळ रजा न मागणारा, पगारपत्रकावर नाव नसलेला कामगार आम्ही चौघं मिळून दर महिन्याला ते समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीला देतो आहोत.

पण मला हलवून गेली ती ही बेरीज नव्हे. मस्टरवर माझ्या नावापुढे मी दोन ओळी आखल्या होत्या. वरच्या ओळीवर लिहिलं होतं 'माणसं', खालच्या ओळीवर 'सफाई'. एखाद्या आईला धीर दिला, कुणाला जवळच्या डॉक्टरांकडे पाठवलं, नव्याने निदान झालेल्या घराशी बोलले, तर ते वरच्या ओळीत. चूर्णवाले, 'सात दिवसांत इन्सुलिन बंद' वाले, खोटी खाती, शिवीगाळ, कर्जाच्या ॲपच्या जाहिराती, बायकांच्या इनबॉक्समध्ये घुसणारे पुरुष, यांना हटवणं खालच्या ओळीत. माझा अंदाज होता की निम्मं-निम्मं असेल. निघालं ते असं: माणसं साडेसतरा तास, सफाई ४४.

चव्वेचाळीस तास. ज्या कामासाठी मी ग्रुप काढला त्याच्या अडीच पट वेळ मी केर काढण्यात घालवला होता. आणि तो केर आमच्या घरात तयार होत नाही. कंपनीचं दार सताड उघडं आहे म्हणून तो आत येतो. सर्वांत जास्त चीड याची येते की ज्या चूर्णाची पोस्ट आम्ही दुपारी काढून टाकतो, तेच चूर्ण संध्याकाळी पैसे भरलेली जाहिरात होऊन आमच्याच सदस्यांच्या डोळ्यांपुढे येतं. ती जाहिरात काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिच्यावर कंपनी पैसे कमावते.

ज्यांना टाइप वन माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही. ते बाहेरून द्यावंच लागतं. बंद केलं तर रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं साचतात, उलट्या होतात, श्वास जोरात चालू लागतो आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर मूल जातं. त्यामुळे आमच्याकडे एक चुकीची पोस्ट तीन तास राहणं म्हणजे नुसता घोटाळा नसतो. २०२२ च्या पावसाळ्यात एक पोस्ट अशीच राहिली. काकांना ताप होता, मी झोपले होते. चार दिवसांनी पहाटे चारला उठले तर मराठवाड्यातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की मुलीला उलट्या थांबत नाहीत, चार दिवसांपासून इन्सुलिन बंद करून 'इथे सांगितलेलं' औषध चालू आहे. इथे म्हणजे आमच्या ग्रुपवर. त्या बाईंना फोन लावला, गाडी मिळेपर्यंत लाइनवर राहिले. मुलगी वाचली. आज ती नववीत आहे, आणि तिची आई दर संक्रांतीला मला तिळगुळाचा फोटो पाठवते. ते औषध सुचवणारी पोस्ट त्याच्या चार दिवस आधी तीन तास आमच्या भिंतीवर होती, हे मी आजही विसरलेले नाही. मी कामावर असते तर तिथे रजिस्टरमध्ये अपघात म्हणून नोंद झाली असती, चौकशी झाली असती, पाळीवर माणसं कमी का होती हे कुणीतरी विचारलं असतं. इथे विचारणारं कुणीच नव्हतं. आम्ही चौघंच एकमेकांना विचारत राहिलो.

माझं मस्टर पाहून नागपूरच्या मुलीने मला एक अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या आणि इतर काही संशोधकांनी २०२२ मध्ये तो मांडला. रेडिट नावाचं जे मोठं व्यासपीठ आहे, तिथे हजारो विषयांच्या चर्चा चालतात आणि प्रत्येक विषयाची राखण विनामोबदला मॉडरेटर करतात. संशोधकांनी १२६ समूहांतल्या नऊशे मॉडरेटरांच्या कामाच्या नोंदी तपासल्या आणि त्यावरून संपूर्ण रेडिटसाठी अंदाज काढला: कमीत कमी ४६६ तास रोज. बाजारात असल्या कामाला तासाला २० डॉलर मिळतात तो दर लावून वर्षाचे ३४ लाख डॉलर, म्हणजे कंपनीच्या २०१९ च्या उत्पन्नाच्या २.८ टक्के. मी लगेच माझ्या पद्धतीने भागाकार केला. ४६६ भागिले आठ, म्हणजे ५८ माणसं, तीही वर्षाचे ३६५ दिवस, रविवारची सुट्टी न घेता.

'कमीत कमी' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी मोजलं ते यंत्रात नोंद झालेलं काम. पोस्ट काढली, खातं बंद केलं, याची नोंद होते. काढण्याआधी चौघांनी अर्धा तास आपापसांत बोलून ठरवलं की ही बाई फसवते आहे की खरंच घाबरली आहे, याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या साडेएकसष्ट तासांतले किती तास यंत्राला दिसले असते, हे मी मोजून पाहिलं नाही. निम्मेही नसतील.

पण फुकट राबण्याचा हा प्रश्न आजचा नाही, आणि तो एकदा कोर्टात जाऊन आला आहे. नव्वदच्या दशकात अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, ही तिकडची सर्वांत मोठी इंटरनेट सेवा होती. गप्पांच्या खोल्या आणि चर्चा सांभाळायला त्यांनी स्वयंसेवक ठेवले होते. त्यांना नाव होतं कम्युनिटी लीडर. एके काळी ते चौदा हजारांच्या आसपास होते. आता त्यांच्या कामाच्या अटी माझ्या टाइम ऑफिसच्या डोळ्यांनी वाचा: आधी काही महिन्यांचं प्रशिक्षण. आठवड्याला निदान चार तासांची पाळी. पाळी संपली की अहवाल. मोबदला म्हणून इंटरनेट फुकट किंवा सवलतीत. एओएल तासावर पैसे आकारत होती तोवर ही सवलत मोठी होती. १९९६ च्या अखेरीस महिन्याला १९.९५ डॉलर असा सरसकट दर झाला, आणि त्या सवलतीची किंमत एका रात्रीत उतरली. काम तेवढंच राहिलं.

१९९९ च्या मे महिन्यात दोन माजी स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला. म्हणणं साधं होतं: तुम्ही आमच्या पाळ्या लावता, अहवाल मागता, काढून टाकता, तर आम्ही नोकर आहोत, किमान वेतन द्या. अमेरिकेत १९३८ चा एक कायदा आहे, जो किमान वेतन आणि जादा कामाचा दर ठरवतो. देवळात, शाळेत, धर्मादाय दवाखान्यात कुणी फुकट राबलं तर त्याला स्वयंसेवक म्हणता येतं. नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी कुणी कंपनीच्या शिस्तीखाली राबलं तर हा शब्द तितक्या सहज वापरता येत नाही. २००५ मध्ये कंपनीने ती योजनाच गुंडाळली. दावा २०१० मध्ये तडजोडीने मिटला, दीड कोटी डॉलरवर. अकरा वर्षं लागली, आणि तडजोड झाल्यामुळे 'हे नोकर होते की नव्हते' यावर शेवटचा निकाल आलाच नाही.

ठेकेदारीची प्रकरणं हाताळल्यामुळे मला यातला पुढचा भाग ओळखीचा वाटतो. कंपन्यांनी एओएलवरून एक गोष्ट नक्की शिकली असावी असं माझं मत आहे: मस्टर ठेवू नका. पाळी लावू नका, प्रशिक्षण सक्तीचं करू नका, अहवाल मागू नका. जिथे हजेरी आहे तिथे नोकरी सिद्ध होते. म्हणून आज मला कुणी सांगत नाही की रात्री नऊला बस. मी बसले नाही तर ग्रुप चूर्णवाल्यांच्या ताब्यात जाईल, एवढं मला माहीत असलं की पुरे. आमच्या कारखान्यात सुपरवायझर जे काम ओरडून करून घेतो ते इथे माझी काळजीच माझ्याकडून करून घेते.

२०२३ साल या सगळ्याचं वर्ष होतं. रेडिटने ठरवलं की बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या ॲप्सनी त्यांची माहिती वापरायची तर पैसे मोजायचे. अपोलो नावाचं एक लोकप्रिय ॲप होतं. त्याच्या कर्त्याने हिशोब केला तर वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर निघाले. त्याने ॲप बंद केलं. बाहेरून हे दोन धंद्यांमधलं भांडण वाटतं, पण मॉडरेटर सफाईचं काम करत होते ते बरंचसं अशाच बाहेरच्या साधनांवर, कारण कंपनीचं स्वतःचं ॲप त्या कामाला पुरं पडत नव्हतं. दृष्टिहीन लोकांच्या समूहाचे मॉडरेटर तर म्हणाले की बाहेरची ॲप्स गेली तर आम्हाला आमचाच समूह चालवता येणार नाही. १२ जूनला आठ हजारांहून जास्त समूहांनी दारं लावून घेतली.

कंपनीच्या प्रमुखाने एका मुलाखतीत या मॉडरेटरांना जमीनदार-सरदारांची उपमा दिली: आधी येऊन जागा अडवून बसलेले आणि कुणी हलवू न शकणारे. दारं उघडली नाहीत तर तुमच्या जागी दुसरे नेमू, असे निरोपही कंपनीकडून गेले. मी ती उपमा वाचली तेव्हा मला वाटलं, वतनदाराला निदान वतनाचं उत्पन्न असतं. आम्ही फार तर बलुतेदार. गावाचं काम करायचं, पण सुगीला खळ्यावर गेलं की सांगायचे, 'तुम्ही तर आवडीने करता.' बलुतं नसलेले बलुतेदार.

खळ्यावर रास मात्र पडली होती. पुढच्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, रेडिट शेअर बाजारात आलं, ३४ डॉलरच्या भावाने. त्याआधीच्या कागदपत्रांत कंपनीने लिहिलं होतं की रोज सरासरी साठ हजारांहून जास्त मॉडरेटर काम करतात. त्याच कागदांत होतं की प्रमुखाचं २०२३ चं एकूण मानधन १९ कोटी ३० लाख डॉलर, बहुतेक शेअरच्या रूपात. आणि हेही होतं की लोकांनी लिहिलेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना वापरायला देण्याचे करार झाले आहेत, एकूण २० कोटी ३० लाख डॉलरचे. तो मजकूर विकण्यालायक राहिला कारण कुणीतरी रात्र-रात्र त्यातला कचरा काढत होतं. मॉडरेटरांना काय मिळालं? काहींना शेअर विकत घेण्याची संधी. विकत.

२०२३ च्या त्याच जूनमध्ये आणखी एक संप चालू होता आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. स्टॅक एक्स्चेंज, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर एकमेकांचे प्रश्न सोडवतात, तिथल्या निवडून आलेल्या मॉडरेटरांनी ५ जूनला काम थांबवलं. कारण असं की यंत्राने लिहिलेल्या उत्तरांचा पूर आला होता, दिसायला चांगली पण चुकीची उत्तरं, आणि कंपनीने मॉडरेटरांना ती काढण्यावर जवळजवळ बंदी घातली, तीही त्यांना न विचारता. दोन महिने संप चालला. ऑगस्टच्या सुरुवातीला वाटाघाटी होऊन संपला. त्यांनी पगार मागितला नव्हता. आमचे नियम बदलण्याआधी आम्हाला विचारा, आमचं ऐकून घ्या, हे मागितलं होतं, आणि त्यातलं बरंच मिळालं.

आमचा ग्रुप गेल्या वर्षी नऊ दिवस बंद होता. कुणीतरी शाळेच्या डब्यासोबत इन्सुलिनचं पेन आणि सुईचा फोटो टाकला होता. कंपनीच्या यंत्राला ते नशेचं साहित्य वाटलं. 'तुमचा समूह आमच्या निकषांत बसत नाही' असा एक ओळीचा निरोप आला. अपिलाचं बटण दाबलं, चार मिनिटांत उत्तर आलं की आम्ही तपासलं आणि निर्णय कायम आहे. चार मिनिटांत कोण तपासतं? पुन्हा दाबण्याची सोय नव्हती. फोन नंबर नाही, ईमेल नाही, पत्ता नाही. आमच्या कारखान्यात तीन दिवस कामावर आलेल्या बदली कामगारालासुद्धा काढताना कुणीतरी माणूस समोर बसून कारण सांगतो. आठ वर्षं राबलेल्या चौघांसाठी एकही माणूस नव्हता. दहाव्या दिवशी ग्रुप आपोआप परत आला. का गेला होता तेही कळलं नाही, का आला तेही नाही. त्या नऊ दिवसांत साताऱ्याच्या ताईंनी दोनशे घरांना स्वतःच्या फोनवरून निरोप पाठवले. ते तास माझ्या मस्टरच्या आधीचे, म्हणून बेरजेत नाहीत.

हक्काचा शब्द उच्चारला की आपल्याकडे 'तुम्ही स्वखुशीने करता' हे वाक्य येतं. जबाबदारी विचारायची असते तेव्हा मात्र हे वाक्य कुणाला आठवत नाही. ग्रुपवर कुणी काही वाईट टाकलं की ॲडमिनला धरा, हे इतकं रूढ आहे की आमच्या ताईंच्या घरच्यांनी त्यांना दोनदा ग्रुप सोडायला सांगितलं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर तर २०१६ मध्ये गुन्हाच दाखल झाला होता, दुसऱ्या एका सदस्याने एका बाईबद्दल जे लिहिलं त्यासाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला तो रद्द केला. न्यायालयाने म्हटलं की ॲडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं याहून फारसं काही नसतं, आणि संगनमत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराचा दोष त्याच्यावर येत नाही. हा निकाल मी छापून ताईंना पाठवला. त्यांनी तो घरी वाचून दाखवला.

माझी धाकटी जाऊ जुन्नर तालुक्यात आशा सेविका आहे, म्हणजे गावपातळीवर आरोग्याचं काम करणारी. जुलैमध्ये ती घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर मस्टर पडलं होतं. तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, 'ताई, आम्हाला पण कागदावर स्वयंसेविकाच म्हणतात.' मग बराच वेळ तीच बोलत होती. बाळंतिणीला रात्री घेऊन जायचं, सर्वेक्षण, लसीकरण, ॲपमध्ये माहिती भरणं, आणि हातात येणाऱ्या रकमेला पगार म्हणायचं नाही, मोबदला म्हणायचं. २०२४ च्या सुरुवातीला ती मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसली होती. आमच्या कामाची तिच्या कामाशी बरोबरी मी करणार नाही. ती उन्हातान्हात वाडीवस्तीवर फिरते आणि तिच्या चुलीचा प्रश्न त्यात आहे. पण शब्दाची युक्ती एकच आहे. काम करणाऱ्याला कामगार म्हणायचं नाही, म्हणजे बाकी काही द्यावं लागत नाही.

ही युक्ती कायम चालते असंही नाही. अंगणवाडी सेविकांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. गुजरातच्या एका प्रकरणात २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या दृष्टीने हे वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. तो निकाल आला त्या दिवशी आमच्या ऑफिसात मी पेढे वाटले होते, आमचा काही संबंध नसताना.

आमच्यासारख्यांना मात्र कायद्यात शिरायला फटच नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपवरून काम मिळणारा कामगार, पहिल्यांदा आला याचं मला कौतुक आहे, पण त्याची व्याख्या 'मोबदल्याच्या बदल्यात' काम करणाऱ्याची आहे. मोबदलाच नाही तर तुम्ही कामगार नाही. आणि कामगार नाही म्हणून मोबदला नाही.

पैसे घेऊन हेच काम करणाऱ्यांचं तरी काय होतं, तेही बघितलं. फेसबुकसाठी ठेकेदारांमार्फत मजकूर तपासणाऱ्या लोकांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला: रोज हिंसा आणि अत्याचार बघून आमचं मन आजारी पडलं. २०२० मध्ये कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर देऊन तो मिटवला. दहा हजारांहून जास्त लोक त्यात होते, प्रत्येकाला किमान हजार डॉलर. रक्कम मला मोठी वाटली नाही. पण एक गोष्ट कागदावर आली, की असलं बघण्याने माणसाला इजा होते. काकांनी सहा वर्षांत तीन मुलं गेल्याच्या पोस्ट मध्यरात्री एकट्याने वाचल्या आहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी आम्हाला फक्त 'आज माझ्याने होणार नाही' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत बसले.

मला काय हवं आहे, हे मस्टरच्या त्या दोन ओळींमुळे मला पहिल्यांदा नीट सांगता येतं. वरच्या साडेसतरा तासांचा मला एक रुपयाही नको. पहाटे चारला एका आईबरोबर फोनवर राहण्याचा दर कुणी ठरवायचा नाही. तो माझा आणि तिचा व्यवहार आहे. खालचे ४४ तास कंपनीचे आहेत. ते तिच्या फाटकावरच्या राखणीचं आणि तिच्या अंगणाच्या झाडलोटीचं काम आहे. ते तिने पगारी माणसं नेमून करावं, मराठी समजणारी माणसं नेमून, नाहीतर आम्हाला त्याचे पैसे द्यावेत. शिवाय ग्रुप बंद करण्याआधी एक माणूस बोलायला हवा. साधनं बदलण्याआधी सूचना हवी. आणि आम्ही किती तास बसलो हे कंपनीने स्वतः मोजून दरवर्षी जाहीर करावं. मोजता येत नाही असं कुणी म्हणू नये. मी कुठल्या फोटोवर किती सेकंद थांबले हेसुद्धा ती मोजते.

'मग सोडून द्या ना,' असं मला माझ्या भावाने सांगितलं. सोडता येतं, म्हणून मी याला वेठबिगार म्हणत नाही. तो शब्द ज्यांच्या वाट्याला खरोखर आला त्यांचा आहे. पण एकतीस हजार घरं उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. आम्ही एकदा प्रयत्न केला. नव्या ठिकाणी अकराशे लोक आले आणि उरलेले जुन्या जागी चूर्णवाल्यांबरोबर राहिले. महिन्याभरात आम्हीही परतलो.

ऑगस्टपासून आम्ही चौघांनी स्वतःच पाळ्या लावल्या आहेत. कंपनी मस्टर ठेवणार नसेल तर आम्ही ठेवू. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी ग्रुप उघडायचा नाही. सफाईचे तास वेगळे लिहायचे. नागपूरच्या मुलीने इतर भाषांतल्या टाइप वन ग्रुपांना पत्रं लिहिली. कानडी आणि गुजराती ग्रुपांनी मस्टरचा नमुना मागवला, तो मी पाठवला. एक वर्षाचे आकडे जमले की सगळे मिळून कंपनीला आणि कामगार मंत्रालयाला पत्र पाठवायचं असं ठरलं आहे.

काकांची सुट्टी गुरुवारी. पहिल्या गुरुवारी रात्री एक वाजता त्यांचा मला मेसेज आला: 'ताई, झोप येत नाही. एकदा बघून घेऊ का?' मी जागीच होते, त्यांची पाळी त्या दिवशी माझ्याकडे होती. मी लिहिलं, 'काका, मस्टरवर तुमच्या नावापुढे सुट्टी लिहून झाली आहे.' मग पेन उघडलं आणि खरोखर लिहिली.